संबोधन आणि वेष्टन : घरपोच मांसविक्री व वाराणसीच्या मांसकथा

कुटुंबाने चालवलेल्या शेतावर, मोकळ्या कुरणात, औषधांचा अकारण मारा न करता वाढवलेल्या जनावराचे मांस पडद्यावर पाहून निवडावयाचे, पैसे तेथेच चुकते करावयाचे आणि थंड पेटीतून ते दाराशी येण्याची वाट पाहावयाची, ही खरेदीची रीत अमेरिकेत व युरोपात गेल्या दोन-तीन दशकांत स्थिरावली. भारतात तिची शहरी आवृत्ती २०१५ च्या सुमारास आली. बंगळूर येथे त्या वर्षी सुरू झालेली ‘लिशियस’ ही तीतील परिचित कंपनी. या व्यवहाराचा विचार अर्थशास्त्राने वा पशुविज्ञानाने करावा, असे सहजच वाटेल. परंतु त्यात साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा एक घटक आहे. येथे ग्राहक मांस पाहत नाही, हुंगत नाही, चाचपत नाही. तो मांसाविषयी वाचतो. जनावर कोठे वाढले, काय चरले, कोणत्या कुटुंबाने ते सांभाळले, हे सांगणारा मजकूर हीच त्याच्यापुढील एकमेव साक्ष असते. मांसाच्या पुडीबरोबर एक लहानसे आख्यान विकले जाते, आणि किमतीचा काही भाग त्या आख्यानाचा असतो.

मांस कोणाकडून, कसे आणि कोणत्या विश्वासावर घ्यावे, या प्रश्नाभोवती रचलेल्या भारतीय कथांपैकी काही महत्त्वाच्या कथा वाराणसीत घडतात, किंवा वाराणसीत लिहिल्या गेल्या आहेत. आज जी नगरी प्रामुख्याने सात्त्विक भोजनाशी जोडली जाते, तिच्याविषयी हे विधान काहीसे चमत्कारिक वाटेल. तरीही घरपोच मांसविक्रीतील आख्यानाचे स्वरूप समजून घेण्यासाठी या कथांइतके उपयुक्त साहित्य दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पहिली कथा पाली जातकसंग्रहातील ‘मांसजातक’ ही होय (क्रमांक ३१५). ब्रह्मदत्त राजाच्या काळी एक पारधी गाडीभर मांस घेऊन विकण्यासाठी वाराणसीकडे निघाला आहे. चव्हाट्यावर चार श्रेष्ठिपुत्र गप्पा मारीत बसले आहेत. एकाला वाटते, पारध्याकडे मांसाचा तुकडा मागून पाहावा. तो ‘अरे पारध्या’ अशा थाटात मागतो. पारधी म्हणतो, तुझी वाणी खरखरीत आहे, तुला मिळेल तेही तसेच. आणि त्याला एक नीरस, पडद्यासारखा भाग देतो. दुसरा ‘दादा’ म्हणतो. भाऊ हा माणसाचा अवयव मानला जातो, म्हणून त्याला अवयवाचे मांस मिळते. तिसरा ‘तात’ म्हणतो. मुलाने अशी हाक मारली की बापाचे काळीज हलते, म्हणून त्याला काळीज. चौथा, म्हणजे बोधिसत्त्व, ‘मित्रा’ म्हणतो. ज्या गावात मित्र नाही ते गाव आणि अरण्य सारखेच, असे म्हणून पारधी सगळी गाडीच त्याच्या स्वाधीन करतो. मग ती गाडी बोधिसत्त्वाच्या घरी जाते, मांस तेथे उतरवले जाते, पारध्याचा सत्कार होतो, त्याच्या बायकामुलांना बोलावून घेतले जाते आणि तो आपला हिंसक धंदा सोडून मित्राच्या घरचाच होऊन राहतो.

कथेचा वाच्यार्थ मधुर भाषणाची महती सांगणारा आहे. तथापि तिची रचना बारकाईने पाहिली तर ती खरेदीविक्रीची कथा आहे, आणि त्यातही घरपोच आलेल्या मांसाची. किमतीचा उल्लेख पारध्याच्या हेतूत आहे, व्यवहारात नाही. नाण्याचे काम संबोधन करते. शब्द जितका जवळचा, तितका भाग मोलाचा. मराठी वाचकाला यात परके काहीच वाटू नये. मटणाच्या दुकानात ‘चाचा, दोन नळ्या घाला’ किंवा ‘मामा, चरबी कमी करा’ म्हणणारा गिऱ्हाईक जातकातल्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेष्ठिपुत्राचाच वंशज असतो. नात्याचे नाव घेऊन तो चांगल्या भागावर आपला हक्क सांगतो, आणि खाटीकही त्या हाकेची किंमत ओळखून सुरी फिरवतो.

पडद्यावरच्या खरेदीत नेमके हेच संबोधन नाहीसे होते. यंत्र ग्राहकाला त्याच्या नावाने हाक मारते. ग्राहकाला मात्र हाक मारण्यासाठी समोर कोणी नसते. ‘करी कट, अर्धा किलो’ या शब्दांत आर्जव नाही, उर्मटपणाही नाही. चारही श्रेष्ठिपुत्रांना तेथे एकाच वजनाची, एकाच किमतीची, एकसारखी पुडी मिळेल. भागांची जुनी नावेही या भाषेत टिकत नाहीत. रान, दस्त, चाँप, पुट हा उत्तर भारतीय कसायांचा शब्दसंग्रह आणि फरा, मांडी, नळी, मुंडी हा मराठी शब्दसंग्रह यांच्या जागी सर्वत्र चालणारी चार-पाच इंग्रजी नावे येतात.

याला निव्वळ ऱ्हास म्हणणे घाईचे ठरेल. जातकातील चौघेही श्रेष्ठिपुत्र आहेत. कोणते संबोधन वापरावे याची निवड त्यांच्या हाती आहे. गावगाड्यात ही निवड सर्वांना नव्हती. तेथे कोणी कोणाला काय म्हणावयाचे हे जन्माने ठरे, आणि कोणाच्या वाट्याला जनावराचा कोणता भाग यावा हेही त्याच न्यायाने ठरे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील दलित समाजांच्या स्वयंपाकाचे जे वर्णन आहे, त्यात इतरांनी नाकारलेल्या भागांतून उभी राहिलेली एक संपूर्ण पाककला दिसते. परंपरेने रूढ झालेल्या वचनातील ‘पूर्ण’ शब्दाला लेखकाने जोडलेला एक ‘अ’ पुष्कळ सांगून जातो. अशा वाचकाला, नाव-गाव-जात न विचारता सर्वांना एकच माप देणारा पडदा हा तोटा वाटेलच असे नाही. संबोधनाच्या लोपाबद्दल हळहळताना ते संबोधन कोणाला उपलब्ध होते, हे विसरता येत नाही.

वाराणसीची दुसरी कथा ‘निग्रोधमृगजातक’ (क्रमांक १२). परंपरेने तिचा संबंध सारनाथच्या मृगदायाशी जोडला जातो. राजाला रोज मांस हवे. रोजच्या शिकारीने प्रजेच्या कामाचा खोळंबा होतो, म्हणून लोक हरणांचे दोन कळप हाकून राजाच्या उद्यानात आणून कोंडतात. बाण सुटला की हरणे सैरावैरा धावतात आणि एकासाठी अनेक जखमी होतात. तेव्हा दोन्ही मृगराज मिळून पाळी ठरवतात. एक दिवस एका कळपातील, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कळपातील एक हरीण आपण होऊन ठोकळ्यावर मान ठेवील. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही शाश्वत मांसपुरवठ्याची व्यवस्था आहे. नासाडी नाही, भीती कमी, संख्या नियंत्रित, आणि खाणाऱ्याला धावपळ करावी लागत नाही.

ही निर्दोष दिसणारी व्यवस्था मोडते ती एका गाभण हरिणीमुळे. पाळी एका जिवाची आहे, दोघांची नाही, पिलू झाल्यावर येईन, असे ती म्हणते. तिचा मृगराज नकार देतो. दुसऱ्या कळपाचा राजा निग्रोध तिच्याऐवजी स्वतः मान ठेवतो. राजा थक्क होतो आणि क्रमाने हरणांना, इतर चतुष्पादांना, पक्ष्यांना व माशांना अभय देतो. भारतातील २००१ च्या कत्तलखानाविषयक नियमांनी गाभण जनावर, तसेच तीन महिन्यांहून लहान पिलू असलेली मादी कापण्यास मनाई केली आहे. हरिणीचा युक्तिवाद आणि या नियमातील कलम यांत दोन हजार वर्षांचे अंतर असले तरी मागणी एकच आहे. कथेचा शेवट सहसा सांगितला जात नाही, पण तो फार सूचक आहे. अभय मिळालेली हरणे पिके खाऊ लागतात आणि लोकांना त्यांना मारता येत नाही. तेव्हा बोधिसत्त्व आपल्या कळपाला बजावतो आणि शेतकऱ्यांनी कुंपणाऐवजी शेताला पानांची खूण बांधावी, असे ठरते. ती खूण हरणे वाचतात आणि पाळतात. जनावराने वाचावयाची ती खूण होती. आजच्या वेष्टनावरील खुणा जनावराविषयी असतात आणि माणसाने वाचावयाच्या असतात.

या खुणांचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. पारंपरिक बाजारात मांसाचा ताजेपणा डोळ्यांनी ठरतो. बोकड समोर कापलेला असावा, मांस अजून कोमट असावे, ही उत्तर प्रदेशातील आणि महाराष्ट्रातील ग्राहकाची समजूत सारखीच आहे. शरीरशास्त्र काहीसे वेगळे सांगते. प्राण गेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, त्यांतील साखरेचे आम्लात रूपांतर होते आणि सातच्या आसपास असलेला सामू साडेपाचपर्यंत उतरतो. शून्य ते चार अंश सेल्सियस तापमानात मांस काही काळ ठेवले की हा ताठरपणा ओसरतो व मांस मऊ होते. घरपोच विक्री याच शीतसाखळीवर उभी आहे. शेतावरून कत्तलखाना, तेथून थंड खोली, छाटणी, हवाबंद पुडी, शहरातील साठवण आणि मग दार, या सर्व टप्प्यांत तापमान चढू द्यावयाचे नसते. म्हणजे येथे ‘ताजे’ या शब्दाचा अर्थच बदलला आहे. पूर्वी तो ‘आत्ता मेलेले’ असा होता. आता तो ‘थंडाव्यात अखंड राहिलेले’ असा आहे. डोळ्याला ते कळणे अशक्य, म्हणून ते लिहून सांगावे लागते. पुडीवर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो, मांसाहाराची तपकिरी खूण असते (२०२० च्या नियमांनी तिच्यातील वर्तुळाच्या जागी त्रिकोण आणला), कापल्याची व वापरण्याची तारीख असते. ‘प्रतिजैविकमुक्त’ असा शब्दही अनेकदा असतो. हा शब्द पोकळ नव्हे. माणसाच्या उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांच्या वाढीसाठी वापरले जात होते. जुलै २०१९ मध्ये खाद्य जनावरांतील त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. परवाना क्रमांक पडताळता येतो, औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासता येतो. ‘कुटुंब’ आणि ‘प्रेमाने वाढवलेले’ हे शब्द मात्र कोणत्या प्रयोगशाळेत तपासावयाचे?

अमेरिकन लेखक मायकेल पोलन यांनी ‘द ऑम्निव्होर्स डायलेमा’ (२००६) या ग्रंथात अशा मजकुराला गोपकाव्याचाच एक बाजारी प्रकार म्हटले आहे. हिरवे कुरण, लाल कौलांचे कोठार, समाधानी गाय आणि कष्टाळू कुटुंब ही त्याची ठरलेली सामग्री. याच ग्रंथात व्हर्जिनियातील पॉलिफेस फार्मचे जोएल सॅलटिन यांचा प्रसंग येतो. पोलन यांनी मांस टपालाने मागवले, तेव्हा सॅलटिन यांनी ते पाठवण्यास नकार दिला. एवढ्या दूर मांस धाडणे आपल्या तत्त्वात बसत नाही, पाहावयाचे असेल तर शेतावर या, असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्याच शेताने दूरवर मांस पाठवण्याची सोय सुरू केली, हेही नमूद करावयास हवे. व्यापाराच्या ओघात तत्त्वाला मुरड पडते, हे यात नवल नाही. नवल हे, की शेतावर येऊन पाहण्याचे निमंत्रण हेच विश्वासाचे मूळ रूप आहे, हे त्या शेतकऱ्याला ठाऊक होते.

भारतीय परंपरेतही ते ठाऊक होते. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाच्या आख्यानात कौशिक हा तपस्वी ब्राह्मण मिथिलेच्या बाजारात येतो, तेव्हा व्याध आपल्या दुकानात हरणाचे व म्हशीचे मांस विकत बसला आहे. कौशिक संकोचाने एका बाजूला उभा राहतो. व्याध त्याला ओळखतो आणि म्हणतो, ही जागा तुम्हांला योग्य नाही, घरी चला. घरी नेण्याआधी-नंतर तो जे सांगतो, ते एखाद्या प्रामाणिक विक्रेत्याच्या निवेदनासारखे आहे. हा व्यवसाय कुळाकडून आलेला आहे. मी स्वतः मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचे मांस विकतो. मी स्वतः ते खात नाही. शेतकऱ्याच्या नांगराखालीही असंख्य जीव मरतात, याचीही तो आठवण करून देतो. आणि अखेरीस दाखवतो ते काय, तर आपले वृद्ध आईवडील आणि त्यांची होणारी सेवा. त्याच्या सचोटीचा पुरावा दुकानात नाही, घरात आहे.

येथे तुलनेचा मुख्य धागा हाती लागतो. आजच्या वेष्टनावरही कुटुंबच प्रामाण्य देते. परंतु ते पशुपालकाचे कुटुंब असते, खाटकाचे कधीच नसते. मजकुरात जनावर जन्मते, चरते, हुंदडते आणि एकदम पुडीत अवतरते. मधला माणूस गळतो. व्यासांनी ज्या माणसाच्या घरी तपस्व्याला नेले, तोच माणूस या नव्या आख्यानात नाही. मराठी संतपरंपरेने तर त्याला देवाचा शेजार दिला होता. विठ्ठलाने भक्तांची कोणकोणती कामे केली याची यादी देणाऱ्या तुकारामांच्या एका प्रसिद्ध अभंगात सजन कसायाबरोबर मांस विकल्याचाही उल्लेख येतो. उत्तर भारतात हाच भक्त सदना या नावाने ओळखला जातो; तो शाळिग्रामाने मांस तोलीत असे, अशी आख्यायिका आहे, आणि त्याचे एक पद गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहे. गावगाड्यात मुलाण्याला ठरलेले काम आणि ठरलेला हक्क होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात त्याची नोंद आहे. गाव त्याला नावाने ओळखत असे. सुरी कोणाच्या हाती होती हे सर्वांना ठाऊक असणे, हाच त्या व्यवस्थेतील विश्वास होता. वेष्टनावरच्या विश्वासाची अट नेमकी उलटी आहे.

‘कौटुंबिक शेत’ हा शब्दही भारतात उसना वाटतो. अमेरिकेत तो प्रचंड कंपन्यांच्या बंदिस्त पशुपालनाच्या विरोधात उभा राहिला, म्हणून त्याला धार आहे. भारतात कोंबडीचा धंदा मोठ्या प्रमाणावर तसा झाला असला, तरी शेळीपालन अद्याप मुख्यतः कुटुंबाचेच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४.९ कोटी शेळ्या होत्या. त्यांपैकी सुमारे १.४५ कोटी उत्तर प्रदेशात आणि १.०६ कोटी महाराष्ट्रात. यांतील बहुसंख्य शेळ्या भूमिहीनांच्या आणि अल्पभूधारकांच्या दारात, दोन-चारच्या संख्येने, बहुधा बायकामुलांच्या देखरेखीखाली वाढतात. महाराष्ट्रात शेळी अर्धलीने देतात, उत्तर प्रदेशात अधियावर. पिले झाली की मालक व पाळणारा यांच्यात वाटणी होते. वाराणसीच्या गल्ल्यांत आणि घाटांवर हिवाळ्यात जुने स्वेटर किंवा पोराचा फाटका सदरा घातलेल्या शेळ्या दिसतात. त्या कोणत्या तरी घरातल्याच असतात. परंतु त्यांच्या पालकांकडे आपली कथा लिहिण्याचे साधन नाही. कथा ज्याला परवडते, त्याचेच शेत ‘कौटुंबिक’ ठरते.

मांसाविषयी काही माहीत असणे हे शुद्धतेचे लक्षण की माहीत नसणे, हा प्रश्न बौद्ध विनयाने फार पूर्वी हाताळला होता. भिक्षूसाठी मांस तीन अटींवर ग्राह्य मानले गेले. ते आपल्यासाठी मारल्याचे त्याने पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे, आणि तशी शंकाही नसावी. अदिट्ठ, असुत, अपरिसंकित हे ते तीन पाली शब्द. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) मधील मांसाहारावरील प्रकरणात या विषयाची निर्भीड चर्चा केली आणि त्याबद्दल रोषही ओढवून घेतला. तरुणपणी काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकलेल्या, पुढे आयुष्यभर पाली साहित्यात रमलेल्या या लेखकाला मांसाहाराचा प्रश्न पुरावे तपासून सोडवावयाचा होता, भावनेने नव्हे. त्याच पद्धतीने पाहता असे दिसते की, विनयाच्या नियमात अज्ञान हीच शुद्धी आहे. भिक्षू विकत घेत नाही, मागणीही नोंदवत नाही, म्हणून हे अज्ञान त्याला शक्य होते. ‘आपल्यासाठी’ या शब्दावर सारा भर आहे.

मनुस्मृतीने पाचव्या अध्यायात याच्या उलट टोकाची भूमिका घेतली आहे. परवानगी देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, आणून देणारा आणि खाणारा, या आठही जणांना तेथे घातक म्हटले आहे. पुरवठ्याच्या साखळीचे इतके पूर्ण वर्णन आजच्या कोणत्याही पुडीवर सापडणार नाही. जबाबदारी साखळीतून वाहत जाते, कोणाही एकापाशी थांबत नाही.

घरपोच मांसविक्रीचे आख्यान या दोन टोकांना एकाच पुडीत बांधू पाहते. ग्राहकाला जनावराच्या आयुष्याची खडान्खडा माहिती हवी आहे. मृत्यूविषयी मात्र त्याला भिक्षूइतकेच अनभिज्ञ राहावयाचे आहे. जगणे लिहून दाखवावयाचे आणि मरणे अदिट्ठ ठेवावयाचे, ही या लेखनप्रकाराची मूलभूत युक्ती होय. तिच्यात लबाडीच आहे असे नव्हे. चांगल्या रीतीने वाढवलेल्या जनावराचे जगणे खरोखरच चांगले असू शकते, आणि ते जाणून घेण्यासाठी अधिक पैसे मोजणारा ग्राहक काहीच न विचारणाऱ्यापेक्षा निश्चितच बरा. तथापि भिक्षूची सवलत मागणी न नोंदवणाऱ्यासाठी होती. येथे तर ग्राहकाने बोट टेकवल्याशिवाय काहीच घडत नाही.

लिखित वचनाच्या आधारे मांसाचा प्रश्न निकालात काढण्याची वृत्ती वाराणसीच्याच एका लेखकाने उपहासाने टिपली आहे. भारतेंदु हरिश्चंद्र यांचे ‘वैदिकी हिंसा हिंसा न भवति’ हे प्रहसन १८७३ चे. त्यातील राजा, मंत्री व पुरोहित शास्त्रवचनांचे दाखले एकमेकांना देत मांस व मद्य यांचे समर्थन करतात, आणि अखेरच्या अंकात यमाच्या दरबारी चित्रगुप्त त्यांचा हिशेब वाचून दाखवतो. भारतेंदूंचा रोख दांभिकतेवर आहे. वचन खरे की खोटे यापेक्षा ते कोणाच्या सोयीसाठी उद्धृत होते, हे त्यांना दाखवावयाचे आहे. वेष्टनावरील ‘माग काढता येईल’ या आश्वासनाची तुलना चित्रगुप्ताच्या वहीशी करण्याचा मोह होतो. फरक इतकाच की चित्रगुप्ताच्या वहीत खाणाऱ्याची नोंद होती, पुडीवर फक्त खाल्ल्या जाणाऱ्याची असते. याच भारतेंदूंच्या ‘प्रेमजोगिनी’ या अपूर्ण नाटिकेत काशीतील महाराष्ट्रीय भटभिक्षुक चक्क मराठीत बोलतात आणि त्यांच्या बोलण्याचा विषय बहुतांशी भोजनाची आमंत्रणे हा आहे. बुभुक्षित दीक्षित हे त्यातील एक नावच पुरेसे बोलके आहे. काशीच्या मराठीचा एकोणिसाव्या शतकातील हा नमुना स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की त्या जगात अन्न कोणाच्या घरून येते, हे माहीत असल्याशिवाय घास तोंडात जात नसे.

आजच्या वाराणसीत मांसाचा प्रश्न मुख्यतः दिसण्याचा झाला आहे. मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात सत्तांतर झाल्यावर विनापरवाना कत्तलखाने व दुकाने बंद करण्याची मोहीम निघाली. त्याविरुद्धच्या याचिकांवर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मे २०१७ मध्ये परवान्यांचे अर्ज विचारात घेण्यास राज्याला सांगितले आणि अन्नाच्या निवडीचा संबंध जगण्याच्या हक्काशी जोडला. २०२४ च्या आरंभी वाराणसी नगर निगमाने काशी विश्वनाथ मंदिरापासून दोन किलोमीटरच्या परिघात मांसविक्री नको, असा ठराव केला, आणि नई सड़क, बेनियाबाग या भागांतील दुकानांवर कारवाई झाली. दुकान हे ठिकाण आहे. त्याच्यापासून मंदिरापर्यंतचे अंतर मोजता येते. पडद्यावरच्या दुकानाला असा दर्शनी भागच नसतो. त्यामुळे ज्याच्या हाती साधने आहेत अशा विक्रेत्याला अदृश्य होण्याची सोय मिळते, आणि जो पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत, गिऱ्हाईकाच्या ‘भाई’ला उत्तर देत बसला, त्याला दिसण्याचा दंड भरावा लागतो. मिथिलेचा व्याध उघड्या बाजारात गिऱ्हाइकांच्या गर्दीत बसला होता, म्हणूनच कौशिकाला तो सापडला.

मनूच्या आठ जणांपैकी आणून देणाऱ्यासाठी ‘उपहर्ता’ असा शब्द आहे. टीकाकारांच्या दृष्टीने तो पंगतीत वाढणारा. आज तो दुचाकीवरून येतो, पाठीवर चौकोनी पेटी असते, आणि पेटीत काय आहे हे त्याला पुष्कळदा ठाऊकही नसते. मांसजातकात गाडी घेऊन घरी आलेल्या पारध्याचे पाय घरात लागले, त्याच्या बायकामुलांना बोलावणे गेले. आजच्या उपहर्त्याची भेट दारातल्या दोन मिनिटांत उरकते. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो या तयार अन्न पोचवणाऱ्या कंपनीने केवळ शाकाहारी उपाहारगृहांचे अन्न नेणाऱ्यांसाठी वेगळा ताफा आणि हिरवा गणवेश जाहीर केला. त्यावर टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी गणवेशाचा वेगळा रंग मागे घेण्यात आला. ताफा राहिला, कपडे सर्वांचे लालच राहिले. कारण असे सांगण्यात आले की, लाल कपड्यांतला माणूस मांसाहारच आणतो, असा समज झाल्यास काही वसाहती त्याला आत येऊ देणार नाहीत, आणि ज्याच्या दारी तो येईल त्या भाडेकरूला घरमालकाचा त्रास होईल.